मातीच्या पृथक्करण-पद्धतींची पारख

भारतात मृद्-परीक्षणाच्या कार्यास १९५५-५६ च्या सुमारास संघटित स्वरूप आले आणि २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेमुळे ते खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. या पत्रिकेत मातीच्या बारा गोष्टींची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाश व गंधक ही अन्नद्रव्ये; जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये; आणि सामू, विद्राव्य क्षार व सेंद्रिय कर्ब, अशा त्या बारा गोष्टी होत. पिकास कोणते खत किती द्यावयाचे हे या आकड्यांवरून ठरविले जाते. आकडा चुकला तर एक तर खताचा पैसा वाया जातो, नाही तर पीक उपाशी राहते. शिवाय ज्या कार्यकर्त्याने तो सल्ला घरोघर पोहोचविला, त्याच्यावरील गावाचा विश्वासही डळमळतो.

म्हणून प्रयोगशाळेतून आलेला आकडा खरा कशावरून, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारणे अगदी रास्त आहे. प्रयोगशाळेतील यंत्र महाग आहे, अथवा रसायनज्ञ पदवीधर आहे, एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्या पद्धतीने तो आकडा काढला, ती पद्धतच आधी पारखून घ्यावी लागते. ती विशिष्ट कामासाठी भरवशाची आहे याचा पुरावा प्रयोगशाळेने गोळा करावयाचा असतो. यालाच पद्धतीचे प्रामाण्य ठरविणे असे म्हणतात. बाजारात धान्य मापण्यापूर्वी तराजू आणि वजने तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारलेला असावा लागतो. प्रयोगशाळेतील पद्धत हाही एक तराजूच आहे आणि त्याचीही तपासणी तितकीच आवश्यक आहे.

एक जुना धडा

पद्धतींची पारख करण्याची गरज शेतीच्या व्यवसायातूनच प्रथम तीव्रतेने जाणवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रासायनिक खतांचा व्यापार वाढला. खतातील स्फुरदाच्या प्रमाणावर किंमत ठरे. परंतु निरनिराळे रसायनज्ञ निरनिराळ्या रीतींनी पृथक्करण करीत आणि त्यामुळे एकाच खताचे आकडे जुळत नसत. खरे कोणाचे मानावे, हे ठरविण्यास साधन नव्हते. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी १८८४ साली फिलाडेल्फिया येथे शासकीय कृषी-रसायनज्ञांची एक संघटना स्थापन करण्यात आली. सर्वांनी एकच ठरलेली रीत वापरावी, आणि ती रीत स्वीकारण्यापूर्वी अनेक प्रयोगशाळांनी एकाच नमुन्यावर ती वापरून आकडे जुळतात की नाही ते पाहावे, हा दंडक पुढे या संघटनेच्या कार्याचा पाया झाला. आज आपल्याकडेही १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात खतांच्या पृथक्करणाच्या रीती नेमून दिलेल्या आहेत, त्यामागील तत्त्व हेच आहे.

मात्र खताचे पृथक्करण आणि मातीचे पृथक्करण यांत एक महत्त्वाचा फरक आहे. युरियात ४६ टक्के नत्र असावयास हवे. ते आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. मातीत किती स्फुरद आहे हे सांगून भागत नाही. त्यातील किती स्फुरद पिकाला मिळू शकेल, हे सांगावे लागते. मातीतील बहुतेक स्फुरद चुना, लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडलेला असतो आणि मुळांना त्याचा थोडाच भाग लाभतो. या उपलब्ध भागाचा अंदाज घेण्यासाठी मातीवर एखादे सौम्य द्रावण टाकून ती ठराविक वेळ हलवितात, नंतर गाळतात आणि गाळलेल्या अर्कातील स्फुरद मोजतात. द्रावण बदलले की आकडा बदलतो. म्हणून मातीच्या बाबतीत पद्धत व जमीन यांचा मेळ बसणे ही पहिली कसोटी ठरते.

जमीन तशी पद्धत

उपलब्ध स्फुरदासाठी दोन पद्धती विशेष प्रचारात आहेत. ब्रे आणि कुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी १९४५ साली अमेरिकेतील इलिनॉय येथे एक पद्धत सुचविली. तीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनियम फ्लुओराइड यांचे द्रावण वापरतात. आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियम यांनी धरून ठेवलेला स्फुरद सोडविण्यास ते उपयोगी पडते. त्यानंतर १९५४ साली ओल्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तीत सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे घरोघरी ठाऊक असलेला खाण्याचा सोडा, पाण्यात विरघळवून त्या द्रावणाचा सामू ८.५ इतका राखतात. चुनखडीयुक्त जमिनीसाठी ही पद्धत योग्य आहे.

महाराष्ट्रात हा भेद फार महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनी बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त व विम्ल आहेत, तर कोकणातील जांभ्या खडकापासून झालेल्या जमिनी आम्लधर्मी आहेत. चुनखडीच्या काळ्या मातीवर ब्रे यांचे आम्ल-द्रावण टाकले तर ते आम्ल स्फुरद सोडविण्याऐवजी चुना विरघळविण्यातच खर्ची पडते. आकडा खोटाच कमी येतो आणि जमीन स्फुरदाने दरिद्री आहे असा समज होतो. येथे रसायनज्ञाचा हात चुकलेला नसतो, यंत्र बिघडलेले नसते आणि तीच पद्धत आम्लधर्मी जमिनीत उत्तम चालते. तरीही आकडा निरुपयोगी असतो. यावरून असे दिसून येईल की, कोणतीही पद्धत सर्वत्र सारखीच ग्राह्य असते असे नाही. ती अमुक जमिनीसाठी व अमुक कामासाठीच ग्राह्य असते. जस्त, लोह, तांबे व मँगनीज यांच्यासाठी लिंडसे व नॉर्व्हेल यांनी १९७८ साली दिलेली डीटीपीए पद्धत आज सर्वत्र वापरतात. तीही मुळात उदासीन व चुनखडीयुक्त जमिनींसाठी योजलेली आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

खरेपणाची कसोटी

पद्धत जमिनीला अनुरूप आहे असे ठरल्यावर ती खरा आकडा देते का, हे पाहावयाचे असते. यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना घेतात. अनेक नामांकित प्रयोगशाळांनी पृथक्करण करून ज्याचा आकडा निश्चित केलेला आहे, अशी बारीक केलेली व नीट मिसळलेली माती मिळते. तिला प्रमाण-नमुना म्हणावयास हरकत नाही. आपल्या प्रयोगशाळेने काढलेला आकडा त्या निश्चित आकड्याशी जुळला, तर पद्धत खरी. तो नेहमीच कमी किंवा नेहमीच जास्त येत असेल, तर तिच्यात एकाच दिशेची चूक आहे असे समजावे.

दुसरा मार्ग भर घालून पाहण्याचा आहे. एका मातीच्या अर्कात प्रत्येक मिलिलिटरला ०.२७ मायक्रोग्रॅम स्फुरद आढळला असे समजू. एक भाग माती व वीस भाग द्रावण या प्रमाणाने हिशेब केला तर हा आकडा हेक्टरी सुमारे १२ किलो होतो. आता त्याच अर्कात दर मिलिलिटरला ०.५० मायक्रोग्रॅम स्फुरद मुद्दाम मिसळला, तर एकूण ०.७७ आढळावयास हवा. प्रत्यक्षात ०.७५ आढळला, तर घातलेल्या ०.५० पैकी ०.४८ परत मिळाला. म्हणजे ९६ टक्के वसुली झाली. ही समाधानकारक होय. परंतु ०.५७ एवढाच आढळला तर वसुली ६० टक्केच होते. अर्कातील एखादा पदार्थ मोजणीच्या आड येत आहे, असा त्याचा अर्थ. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ही भर गाळलेल्या अर्कात घालावयाची असते. ती मातीतच घातली तर माती तिचा काही भाग धरून ठेवते आणि वसुली कमी दिसते. तो दोष मोजणीचा नसून मातीचा स्वभाव असतो.

काही पद्धतींत वसुली मुळातच अपुरी असते आणि ती ठाऊक असल्यामुळे चालवून घेतली जाते. सेंद्रिय कर्ब काढण्याची वॉकली व ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत हे याचे उत्तम उदाहरण आहे. तीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत गंधकाम्ल मातीत मिसळतात. आम्ल मिसळताना जी उष्णता उत्पन्न होते, तिच्याच बळावर सेंद्रिय कर्ब जळतो. बाहेरून आच देत नाहीत. त्यामुळे सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के कर्बाचीच मोजणी होते असे मानून आकड्यास १.३ ने गुणावयाचे असते. प्रत्यक्षात हे प्रमाण जमिनीजमिनीत बदलते. आता एका प्रयोगशाळेने न गुणता ०.४५ टक्के असे लिहिले आणि दुसरीने त्याच मातीचा आकडा गुणून ०.५९ टक्के असा लिहिला, असे समजू. ०.५० टक्क्यांच्या खाली कमी आणि ०.५० ते ०.७५ टक्के मध्यम, या सर्वसाधारण वर्गवारीप्रमाणे एकच जमीन एका कागदावर कमी व दुसऱ्यावर मध्यम ठरेल. दोन्ही रसायनज्ञांचे काम चोख असूनही शेतकरी बुचकळ्यात पडेल. म्हणून पद्धतीचे नुसते नाव पुरेसे नाही. हिशेब कसा केला तेही प्रयोगशाळेने लिहून ठेवले पाहिजे आणि वर्गवारीही त्याच हिशेबाला धरून असली पाहिजे.

एकसारखेपणाची कसोटी

एकच माती पुन्हा पुन्हा तपासली असता आकडा तोच आला पाहिजे. एखादी माती कुटून, चाळून, नीट मिसळून तिचे सात भाग केले आणि ते दोन प्रयोगशाळांत तपासले, अशी कल्पना करू. पहिल्या प्रयोगशाळेत उपलब्ध स्फुरद हेक्टरी १२.१, ११.६, १२.४, ११.९, १२.२, ११.७ आणि १२.१ किलो आला. दुसरीत तो ९, १५, १२, ८, १६, १३ आणि ११ किलो आला. दोन्हींची सरासरी बरोबर १२ किलो येते. सरासरीकडे पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतील. परंतु शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नसते. त्याचा नमुना एकदाच तपासला जातो आणि त्या सातांपैकी कोणता तरी एकच आकडा त्याच्या हाती पडतो.

ओल्सेन पद्धतीने हेक्टरी १० किलोंपेक्षा कमी स्फुरद असल्यास जमीन कमी गटात धरण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत सातांपैकी दोन वेळा हीच मध्यम जमीन कमी गटात पडली. कमी गटातील जमिनीस शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त मात्रा देण्याची सर्वसाधारण रीत आहे. पिकाची शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरदाची असेल तर १५ किलो स्फुरद जास्त द्यावा लागेल. १६ टक्के स्फुरद असलेल्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या रूपाने ते जवळजवळ ९४ किलो खत होते. म्हणजे दर हेक्टरी पन्नास किलोंची सुमारे दोन पोती विनाकारण शेतात जातात. पृथक्करणातील विस्कळीतपणाची किंमत अशी रोख मोजावी लागते.

एकसारखेपणा तीन पातळ्यांवर पाहावा लागतो. एकाच दिवशी एकाच माणसाने केलेले काम जुळावयास हवे. निरनिराळ्या दिवशी व निरनिराळ्या माणसांनी केलेले काम जुळावयास हवे. आणि शेवटी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे कामही जुळावयास हवे. पहिल्यापेक्षा दुसऱ्या पातळीवर फरक साहजिकच जास्त पडतो आणि तिसऱ्या पातळीवर त्याहूनही जास्त. तो किती पडतो हे आधी मोजून ठेवणे, हा पद्धतीच्या पारखीचाच भाग आहे.

नेमके तेच मोजले जाते का?

ज्या पदार्थाचे प्रमाण हवे, नेमका तोच पदार्थ पद्धत मोजते की त्याच्या जोडीला भलतेच काही मोजले जाते, हीही कसोटी मोठी आहे. वर सांगितलेल्या सेंद्रिय कर्बाच्या पद्धतीत डायक्रोमेट कर्बावर खर्च होते आणि त्या खर्चावरून कर्बाचा हिशेब करतात. परंतु मातीत मीठ असेल तर त्यातील क्लोराइडवरही डायक्रोमेट खर्च होते. त्यामुळे किनाऱ्यावरील खार जमिनीत सेंद्रिय कर्ब आहे त्याहून जास्त भासतो. जमीन सुपीक आहे असे वाटून शेणखत कमी घातले जाते आणि नुकसान होते. यासाठी अशा नमुन्यांत सिल्व्हर सल्फेट मिसळतात. त्यायोगे क्लोराइड बाजूला पडते. खार जमिनीचे नमुने पाठविताना तसा स्पष्ट उल्लेख करण्याचे महत्त्व यावरून कळून येईल.

या कसोटीकडे दुर्लक्ष झाल्यास काय अनर्थ ओढवतो, हे चीनमध्ये २००८ साली साऱ्या जगाने पाहिले. दुधातील प्रथिने मोजण्यासाठी डेन्मार्कच्या केल्डाल या रसायनज्ञाने १८८३ साली शोधलेली रीत सर्वत्र वापरली जाते. ती रीत प्रथिने मोजत नाही. ती नत्र मोजते आणि नत्रावरून प्रथिनांचा हिशेब करते. भेसळ करणाऱ्यांनी याचा फायदा घेतला. पाणी घातलेल्या दुधात त्यांनी मेलामाइन नावाचा पदार्थ मिसळला. वजनाच्या दोनतृतीयांश इतका नत्र त्यात असतो. पृथक्करणात प्रथिने भरपूर दिसली, पण ते दूध पिऊन लक्षावधी बालके मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली आणि काही दगावली. केल्डाल यांची रीत जुनी, सुबक व विश्वसनीय होती. तिच्यात नत्राची मोजणी अचूकच झाली होती. नत्राखेरीज दुसरे काही ती ओळखत नाही, ही तिची मर्यादा मात्र विसरली गेली.

कोरी चाचणी आणि कामाची परिस्थिती

मातीचा नमुना न घालता बाकी सर्व रसायने तशीच घेऊन संपूर्ण कृती करणे, यास कोरी चाचणी म्हणतात. तीत जो आकडा येतो तो रसायने, पाणी व भांडी यांच्यातील अशुद्धीचा असतो आणि तो वजा करावा लागतो. ओल्सेन पद्धतीत अर्काचा तांबूस रंग घालविण्यासाठी कोळशाची भुकटी वापरण्याचा प्रघात आहे. ही भुकटी नीट धुतलेली नसेल तर तिच्यातूनच स्फुरद अर्कात उतरतो आणि प्रत्येक जमीन श्रीमंत दिसू लागते. कोरी चाचणी केली तरच ही फसवणूक उघडकीस येते. ती अनेकदा केली म्हणजे पद्धतीने किती लहान प्रमाण ओळखता येईल, याचीही कल्पना येते. त्या मर्यादेखालील आकड्यास अर्थ नसतो. तसेच मोजणीची वरचीही एक मर्यादा असते. स्फुरदाने येणारा निळा रंग ठराविक प्रमाणापर्यंतच सम प्रमाणात गडद होत जातो. त्यापुढील अर्क पातळ करूनच मोजला पाहिजे.

परिस्थितीत थोडा बदल झाला तरी पद्धत टिकून राहते का, हेही पाहावे लागते. सोड्याचे द्रावण गरम असेल तर मातीतून जास्त स्फुरद निघतो. म्हणून एखादी माती पौषात तपासली असता एक आकडा व वैशाखात तपासली असता दुसरा आकडा येऊ शकतो. जमीन मात्र तीच असते. तेच द्रावण बरेच दिवस उघडे राहिले तर त्याचा सामू वाढत जातो. हलविण्याची अर्ध्या तासाची मुदतही कमीअधिक करून चालत नाही. प्रयोगशाळेने खोलीचे तापमान राखणे, द्रावण ताजे करणे आणि घड्याळ लावून काम करणे, या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी आकड्याचा खरेपणा त्यांवरच अवलंबून असतो.

शेतातील कसोटी

येथवरच्या सर्व कसोट्या प्रयोगशाळेच्या चार भिंतींत होतात. परंतु मातीच्या बाबतीत शेवटची कसोटी शेतातच घ्यावी लागते. प्रयोगशाळेत १२ किलो आकडा आला. पिकाच्या दृष्टीने तो पुरेसा की अपुरा, हे कोणतेही रसायन सांगू शकत नाही. त्यासाठी निरनिराळ्या आकड्यांच्या जमिनींत खताच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन पीक काढावे लागते आणि उत्पन्नाचे वजन करावे लागते. कमी आकड्याच्या जमिनीत खताने उत्पन्न चांगले वाढले आणि जास्त आकड्याच्या जमिनीत ते वाढले नाही, तरच त्या पद्धतीचा शेतकऱ्यास उपयोग आहे. भारतात या कामासाठी १९६७ पासून माती-परीक्षण व पीक-प्रतिसाद यांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालू झाला. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे एक केंद्र आहे. अपेक्षित उत्पन्नासाठी किती खत लागेल याची जी समीकरणे या प्रकल्पातून तयार झाली, ती ठराविक पद्धतीच्या आकड्यांवर बसविलेली आहेत. म्हणून आकडा एका पद्धतीचा आणि समीकरण दुसऱ्या पद्धतीचे, अशी सरमिसळ कदापि होऊ देऊ नये.

रोजची राखण

पद्धत एकदा पारखली म्हणजे कायमची निश्चिंती झाली, असे नाही. रसायनाची नवी बाटली येते, माणसे बदलतात, यंत्र जुने होते. म्हणून नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर ठाऊक आकड्याची एक माती तपासून तिचा आकडा तक्त्यावर मांडतात. त्या मातीची सरासरी १२ किलो असेल आणि दिवसादिवसांतील नेहमीचा फरक अर्धा किलो असेल, तर ११ ते १३ च्या आत येणारा आकडा ठीक समजावा. या मर्यादेबाहेर तो गेल्यास सावध व्हावे. साडेदहाच्या खाली अगर साडेतेराच्या वर गेल्यास त्या तुकडीतील सर्व नमुने पुन्हा तपासावेत आणि कारण सापडेपर्यंत एकही कागद बाहेर पाठवू नये.

प्रयोगशाळाप्रयोगशाळांतील मेळ राखण्यासाठी एकच माती अनेक ठिकाणी पाठवून आकडे ताडून पाहण्याची प्रथा आहे. मातीच्या प्रयोगशाळांचे जागतिक जाळे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली याच हेतूने उभारले. त्याच वर्षी सुधारून निघालेल्या प्रयोगशाळांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही पद्धतींचे प्रामाण्य ठरविणे आणि आकड्यातील अनिश्चितता नोंदविणे, या दोन्ही गोष्टींवर भर आहे.

अनिश्चितता हा शब्द ऐकून कोणी बिचकू नये. प्रत्येक मोजणीत थोडा फरक असावयाचाच. तो किती आहे हे सांगणारी प्रयोगशाळा प्रामाणिक होय. जिच्या आकड्यात अर्ध्या किलोचा फरक नेहमीचा आहे, तिने १०.३ किलो असा आकडा दिला, तर ती जमीन कमी व मध्यम यांच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे. अशा वेळी एकट्या आकड्यावर विसंबून न राहता मागील पिकाचे उत्पन्न, घातलेले शेणखत आणि जमिनीचा मगदूर यांचाही विचार करून सल्ला द्यावा.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे?

उत्तमातील उत्तम पद्धतही चुकीच्या नमुन्यास बरोबर करू शकत नाही. म्हणून पहिली जबाबदारी शेतातच पार पाडावयाची असते. त्या दृष्टीने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. शेतात नागमोडी वळणाने फिरून पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यावी. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा सुमारे २० सेंटिमीटर खोलीचा खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासावी.

२. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची आणि नुकतेच खत दिलेल्या जागेतील माती घेऊ नये. रंगाने वा उताराने वेगळी असलेली जमीन वेगळा नमुना समजावी.

३. गोळा केलेली माती मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. ओली माती सावलीत वाळवावी.

४. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी जस्ताचा मुलामा दिलेली बादली अगर गंजलेले अवजार वापरू नये. प्लास्टिकची बादली व लाकडी खुरपे वापरावे. बादलीतील जस्त मातीत उतरले तर ते जमिनीचेच म्हणून मोजले जाईल.

५. जमीन चुनखडीची, खार किंवा जांभ्याची असल्यास चिठ्ठीवर तसे लिहावे. योग्य पद्धत निवडण्यास रसायनज्ञास त्याची मदत होते.

६. प्रयोगशाळेस भेट देण्याचा योग आल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत. स्फुरद कोणत्या पद्धतीने काढला? ठाऊक आकड्याची माती प्रत्येक तुकडीबरोबर तपासली जाते का? इतर प्रयोगशाळांशी आकडे ताडून पाहिले जातात का? आणि आकड्यात नेहमीचा फरक किती असतो? चांगली प्रयोगशाळा या प्रश्नांनी नाराज होत नाही. ती आपल्या नोंदवह्या उघडून दाखविते.

७. शंका आल्यास त्याच नमुन्याचे दोन भाग करून, त्यांना वेगवेगळी नावे देऊन पाठवावे. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर शंकेस जागा उरत नाही. फार दूर गेले तर ते प्रयोगशाळेच्या निदर्शनास आणून फेरतपासणी मागावी. तसे करण्यात दोष काढण्याचा हेतू नसावा. प्रयोगशाळेलाही तिचे काम सुधारण्यास त्याने साहाय्यच होते.

मृद्-परीक्षणाच्या कागदावरील प्रत्येक आकड्यामागे अशा कसोट्यांची एक साखळी असावी लागते. योग्य जमिनीस योग्य पद्धत, ठाऊक नमुन्याशी जुळणी, पुन्हा पुन्हा तोच आकडा, भलत्या पदार्थाचा अडथळा नाही, आणि शेतातील पिकाची साक्ष, या साखळीतील एक कडी जरी तुटली तरी आकडा शोभेपुरताच उरतो. ती शाबूत राहिली, तर हंगामाच्या तोंडावर खताच्या दुकानी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास कोणते पोते घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे त्या कागदाच्या आधारे निश्चयाने ठरविता येईल.